राखणदार

[माणसाचे काम आणि त्या कामाला आपण दिलेले नाव यांचा संबंध फार जवळचा असतो. लेखक हे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आपल्या हातून घडलेल्या एका चुकीची आठवण सांगता सांगता त्यांनी ‘सांभाळणारा’ या अर्थाच्या अनेक शब्दांची ओळख या पाठात करून दिली आहे. हे शब्द कोठून आले आणि त्यांच्या अर्थाच्या छटा कशा निराळ्या आहेत, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.]

जून महिना होता. खालापूर तालुक्यातील एका लहानशा शाळेत मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि कौलांवर त्याचा एवढा आवाज होत होता की, प्रत्येक मुलाला त्याचे नाव दोनदा विचारावे लागे. नव्याने दाखल झालेल्या मुलांची माहिती मी नोंदवहीत भरीत होतो. नाव, जन्मतारीख, गाव, वडिलांचा व्यवसाय असे तिचे रकाने होते. कोणी ‘शेती’ सांगे, कोणी ‘मजुरी’, तर कोणी ‘खोपोलीच्या कारखान्यात’. एका मुलाची पाळी आली. वडील काय करतात, असे विचारताच तो ताठ उभा राहून म्हणाला,

“गुरुजी, माझे बाबा केअरटेकर आहेत.”

मागून कोणीतरी हसले. “म्हणजे वॉचमन, गुरुजी!” असा आवाज आला आणि आणखी दोघेतिघे हसले.

मी मराठी विषय घेऊन एम. ए. झालो होतो. पुष्कळ वर्षे मराठी शिकवीतही होतो. परंतु त्या क्षणी नेमका शब्द काही सुचेना. मुलांची रांग लांब होती. मी रकान्यात ‘नोकर’ असे लिहिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. तो मुलगा अजून टेबलाशीच उभा होता. मी लिहिलेला शब्द त्याने वाचला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तो काही बोलला नाही. मघाची ताठ मान मात्र खाली गेली होती.

मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावले आणि विचारले, “तुझे बाबा दिवसभर काय काय करतात, सांग बरे.”

तो सांगू लागला, “पहाटे उठून विहिरीवरचा पंप चालू करतात. आंब्याची कलमे आहेत, त्यांना बघतात. पावसाच्या आधी घराची कौले चाळतात. साप निघाला तर त्याला रानात घालवतात. मालक मुंबईहून महिन्यातून एकदा येतात, तेव्हा घर झाडून, पुसून, दिवे लावून ठेवतात. रात्री दोनदा उठून कुंपणाभोवती फिरतात. सगळ्या किल्ल्या बाबांच्याच कमरेला असतात.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “मालकांच्या घरातून आजपर्यंत काही हरवलेलं नाही, गुरुजी.”

एवढ्या कामाला मी जो शब्द लिहिला होता, तो केवळ अपुरा नव्हता, तर अन्यायाचाही होता. या कामासाठी आपल्या भाषेत कोणकोणते शब्द आहेत, याचा शोध मी त्या दिवसापासून घेऊ लागलो. मुलांनो, त्या शोधात मला जे सापडले, ते आज तुम्हांला सांगतो.

पहिला शब्द अगदी घरातला आहे. तो म्हणजे ‘राखणे’. संस्कृतातील ‘रक्ष्’ या धातूपासून तो आपल्याकडे आला. राखणारा तो राखणदार. गुरे राखणारा तो गुराखी. म्हणजे हा राखणदार त्या शब्दात आधीपासून दडून बसलेला आहे. तोडीपासून बाजूला ठेवलेले जंगल ते राखीव जंगल. बहीण भावाच्या हाताला बांधते ती राखी. एवढे सांगितल्यावर तुमच्यापैकी एखादा विचारील, “मग चुलीत उरते ती राख निराळी ना?”

ती निराळी नाही. संस्कृतात ‘रक्षा’ या शब्दाचा एक अर्थ रक्षण असा आहे आणि दुसरा अर्थ राख असा आहे. ‘रक्षाविसर्जन’ या शब्दात हाच दुसरा अर्थ आपण आजही वापरतो. राखेचा आणि रक्षणाचा संबंध काय, हे मला कोणत्याही कोशापेक्षा माझ्या आजीच्या स्वयंपाकघराने अधिक चांगले समजावून दिले. कडधान्याला कीड लागू नये म्हणून आजी ते राखेत घोळवून ठेवी. रात्री निजण्यापूर्वी चुलीतले निखारे ती राखेखाली झाकी. पहाटे राख बाजूला सारून फुंकर घातली की, आतला निखारा पुन्हा लाल होई. त्यासाठी काडेपेटीतली एक काडीही खर्चावी लागत नसे. राखेने विस्तव राखला, असे म्हटले तर तो नुसता शब्दांचा खेळ नव्हे.

विस्तव राखण्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. खोपोलीजवळ महड येथे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे देऊळ आहे. तेथील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत आहे, असे सांगतात. तेव्हापासून त्या दिव्यात तेल घालणारे हात कितीदा तरी बदलले असतील. ज्याने पहिल्यांदा वात लावली, त्याने आजचा उजेड पाहिलेला नाही आणि जो आज तेल घालतो, त्याने ती पहिली वात पाहिलेली नाही. तरीही दिवा तोच आहे. राखणारी माणसे बदलत जातात आणि राखलेली वस्तू टिकून राहते, ही राखणीची पहिली खूण होय.

आता घरातून शेतावर जाऊ. भाताची लोंबी बाहेर पडून दाणा भरू लागला की, आपल्याकडे राखण सुरू होते. दिवसा पाखरांचे थवे उतरतात आणि रात्री रानडुकरे येतात. मग शेतात चार खांबांवर माळा उभारतात. माळ्यावरचा माणूस मधूनमधून पत्र्याचा डबा बडवतो, हाळी देतो, शेकोटीत लाकूड सारतो. त्याच्यापाशी शस्त्र असतेच असे नाही. त्याचे मुख्य काम म्हणजे जागे राहणे. ‘पहारा’ हा शब्दही हेच सांगतो. तो ‘प्रहर’ या शब्दापासून झाला. दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार प्रहर. एक प्रहर तीन तासांचा. आपल्या वाट्याला आलेला प्रहर जो न निजता काढतो, तो पहारेकरी. पहारा म्हटले की, आपल्या डोळ्यांसमोर भाला किंवा बंदूक उभी राहते. पण त्या शब्दाच्या पोटात आहे ती वेळ. दुसऱ्यांना निर्धास्त निजता यावे म्हणून स्वतःची झोप देणे, हाच पहाऱ्याचा मूळ अर्थ होय.

पहारेकरी एका जागी उभा असतो. ‘गस्त’ घालणारा चालत असतो. हा शब्द फारसीतून आला असून त्याचा अर्थ फेरी असा आहे. गस्त म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पावसाळ्यात बोरघाटाकडे पाहावे. कर्जतकडून लोणावळ्याकडे जाणारा हा लोहमार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याची चढण सदतीसास एक अशी आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे जावे, तर मार्ग एक फूट वर चढतो. आगगाडीच्या दृष्टीने ही फारच उभी चढण होय. म्हणून कर्जत येथे पुष्कळ गाड्यांना मागून रेटण्यासाठी जादा एंजिने जोडतात. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. एखादा धोंडा रुळांवर येऊन पडला आणि वळणावरून भरधाव गाडी आली, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. यासाठी रेल्वेचे गस्तवाले रात्रभर रुळांवरून चालत असतात. हातात दिवा असतो आणि गाडी थांबविण्यासाठी रुळांवर लावायचे धोक्याचे फटाके जवळ असतात. गस्तवाला आपल्या हद्दीच्या टोकाला पोहोचला की, पलीकडच्या हद्दीतला गस्तवाला त्याला भेटतो. दोघे आपापल्या गस्तीच्या वह्यांची अदलाबदल करतात आणि पुन्हा अंधारात चालू लागतात. गाडीत निजलेल्या शेकडो प्रवाशांना त्यांची नावे ठाऊक नसतात. आपण सुखरूप पोहोचलो, एवढेच त्यांना ठाऊक असते. राखण नीट झाली की ती कोणाच्या लक्षात येत नाही. ती चुकली म्हणजेच सर्वांचे तिकडे लक्ष जाते.

याच डोंगररांगांत राजमाची, कोथळीगड, पेब, इर्शाळगड असे कितीतरी किल्ले आहेत. किल्ल्यांबरोबर आपल्याकडे ‘हवालदार’ हा शब्द येतो. आज हवालदार म्हटले की, पोलीस खात्यातील माणूस आठवतो. परंतु ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक. आपण म्हणतोच ना, “ही पेटी मी तुझ्या हवाली करतो”? ज्याच्या हवाली काही केलेले आहे, तो हवालदार. शिवाजी महाराजांच्या काळी किल्ला हवालदाराच्या हवाली असे आणि दरवाजांच्या किल्ल्याही त्याच्याकडे असत. तथापि महाराजांनी सारा अधिकार त्या एकाच्या हाती ठेवला नव्हता. हवालदाराच्या जोडीला सैन्य पाहणारा सरनोबत आणि हिशेब पाहणारा सबनीस असे. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती हिशेब नाही, अशी ही योजना होती. त्यामुळे एखादा फितूर झाला, तरी किल्ला जात नसे. राखणदारावर विश्वास ठेवावा. पण त्याला हिशेबही विचारता यावा, ही राखणीची दुसरी खूण या व्यवस्थेतून दिसते.

येथपर्यंत आपण राखणीचा गौरवच पाहिला. परंतु याच विषयाची एक दुःखाची बाजू आहे. तीही तुम्हांला कळली पाहिजे. पूर्वी गावाच्या वेशीवर ‘वेसकर’ असे. रात्री वेस लावणे, पहाटे ती उघडणे, परका माणूस आला तर पाटलाला वर्दी देणे, गावच्या हद्दीच्या खुणा लक्षात ठेवणे, ही त्याची कामे. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला, तर त्याची साक्ष महत्त्वाची मानीत. असे असूनही हे काम त्याने आपखुशीने पत्करलेले नसे. ते महार समाजावर वंशपरंपरेने लादलेले होते. कामाला वेळकाळ नव्हता आणि मोबदला म्हणून थोडीशी वतनी जमीन व बलुते मिळे. ज्याच्या भरवशावर सारे गाव निजे, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर होते आणि गावच्या पाणवठ्याला त्याने हात लावायचा नाही, असा दंडक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय ओळखला. वतन ही मिरास नसून बेडी आहे, हे त्यांनी आपल्या लोकांना पटवून दिले आणि वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे गावकीची ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

या इतिहासातून काय घ्यावे? राखणदाराचा नुसता उपयोग करून घेणे निराळे आणि त्याला मान देणे निराळे. ज्या समाजाला राखण हवी, पण राखणदार शेजारी बसलेला चालत नाही, तो समाज स्वतःच राखण्याच्या लायकीचा उरत नाही.

काही शब्दांत हा राखणदार शेपटासारखा मागे जोडलेला असतो. ‘पाल’ हा असा शब्द आहे. ‘पाल्’ म्हणजे पाळणे, सांभाळणे. दाराशी उभा तो द्वारपाल; ग्रंथ सांभाळतो तो ग्रंथपाल; वनाची काळजी वाहतो तो वनपाल; राज्याच्या सर्वोच्च पदी बसतो तो राज्यपाल. आपली नगरपालिकादेखील याच कुळातली आहे. मुलांनो, राज्यपालांचा बंगला मोठा आणि द्वारपालाची जागा दाराबाहेरची. परंतु भाषेने दोघांच्या नावात एकच धातू ठेवला आहे. ‘पालक’ हा शब्दही तोच. तुम्ही प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणता, तेव्हा ती तुम्हांला पाळणाऱ्याची सही असते. तुम्ही त्यांचे ‘पाल्य’. पालकाची भाजी मात्र या घराण्यातली नव्हे; ती संस्कृतातील ‘पालंक्य’ या शब्दावरून आली आहे. तेव्हा सहीच्या जागी भाजीची जुडी काढू नये!

आणखी एक शब्द आहे ‘विश्वस्त’. ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे, तो विश्वस्त. देवस्थानाचा किंवा शाळेचा पैसा विश्वस्तांच्या हाती असतो. पण त्यातला एक पैसाही त्यांचा स्वतःचा नसतो. महात्मा गांधी म्हणत की, ज्याच्याजवळ गरजेहून अधिक संपत्ती आहे, त्याने स्वतःला तिचा मालक न समजता समाजाच्या वतीने नेमलेला विश्वस्त समजावे. हा विचार जमिनीच्या बाबतीत पुढे नेला, तो आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका थोर पुरुषाने. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. १९५१ मध्ये त्यांनी भूदानाची चळवळ सुरू केली आणि ते गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागू लागले. हवा आणि पाणी यांप्रमाणे भूमीही सर्वांची आहे, असे त्यांचे सांगणे होते. या दृष्टीने पाहिले, तर सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे, तोही जमिनीचा राखणदारच ठरतो. त्याच्या आधी ती दुसऱ्या कोणाची होती आणि त्याच्या नंतर ती आणखी कोणाची तरी होणार आहे.

वर्तमानपत्रांत तुम्ही ‘काळजीवाहू’ हा शब्द वाचला असेल. तो आपल्या भाषेत तुलनेने नवा आहे. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला किंवा निवडणूक होऊन नवे सरकार यायचे राहिले, तर मधल्या काळात राज्याचा कारभार थांबवून चालत नाही. म्हणून राज्यपाल जुन्या मुख्यमंत्र्यांनाच नवी व्यवस्था होईपर्यंत काम पाहण्यास सांगतात. उदाहरणार्थ, विधानसभेच्या निवडणुकीनंतर २६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. मधल्या दिवसांत आधीचे मुख्यमंत्रीच काळजीवाहू म्हणून काम पाहत होते. ‘काळजीवाहू’ हा शब्द आपल्या राज्यघटनेत नाही. तो संकेताने रूढ झालेला आहे. अशा सरकारने रोजचा कारभार चालवावा, पण दूरगामी स्वरूपाचे मोठे निर्णय घेऊ नयेत, असा हा संकेत आहे. पाहुण्याच्या घरी रात्र काढताना आपण दिवा लावतो, पाणी भरतो; त्याच्या भिंती पाडत नाही. तसेच हे आहे.

याच्या जवळचा, पण निराळा शब्द म्हणजे ‘हंगामी’. पंडित जवाहरलाल नेहरू यांचे २७ मे १९६४ रोजी निधन झाले, तेव्हा गुलझारीलाल नंदा यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून देशाचा कारभार हाती घेतला. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होताच त्यांनी तो शांतपणे त्यांच्या स्वाधीन केला. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींचेही निधन झाले, तेव्हा नंदांवर तीच जबाबदारी पुन्हा आली आणि तीही त्यांनी तशीच पार पाडली. हाती आलेली मोठी वस्तू वेळ होताच परत देता येणे, ही राखणीची तिसरी खूण. आणि बहुधा तीच सर्वांत अवघड असते.

‘काळजी’ या शब्दाचे नाते ‘काळीज’ या शब्दाशी आहे, असे मानतात. काळजी वाहणारा तो काळजीवाहू. म्हणजे तो काम जसे हाताने करतो, तसे काळजावर घेऊन करतो. गंमत अशी की, इंग्रजीतील ‘केअर’ या शब्दाचाही जुना अर्थ दुःख, चिंता असाच होता. दोन दूरच्या भाषांनी सांभाळण्याचे मूळ मनाच्या टोचणीतच शोधले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मी माझ्या नोंदवहीकडे वळतो. कर्जत व खालापूर या तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या लोकांनी बांधलेले बंगले आज जागोजाग दिसतात. धनी शहरात राहतात. वर्षातील बहुतेक दिवस त्या घरांचे दिवे लावणारा, झाडांना पाणी घालणारा माणूस इथलाच असतो. माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील असेच एक होते. ज्या कुंपणाभोवती ते रात्री फिरत, त्याच्या आतला एक तुकडा पूर्वी त्यांच्या वडिलांचा होता, हे मला पुढे कळले. आज त्यांचे स्वतःचे घर ओढ्याच्या पलीकडे होते आणि पावसाळ्यात ते गळत असे. दुसऱ्याची कौले वेळेवर चाळणाऱ्याला स्वतःच्या छपराकडे पाहायला सवड मिळत नव्हती.

राखणदाराला कोण राखतो, हा प्रश्न येथे उभा राहतो. तो आपल्या तालुक्याला फार कठोरपणे विचारला गेला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली सापडली. तेथे जायला मोटारीचा रस्ता नव्हता. पायवाटेने डोंगर चढून, भर पावसात लोक मदतीला धावले. तरीही २७ जणांचे मृतदेह तेवढे हाती लागले आणि कित्येक माणसे मातीखालीच राहिली. डोंगर, रान आणि पाणी यांची पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारी ही माणसे होती. त्यांना राखण्यात मात्र आपण सारेच उणे पडलो. राखण ही एका बाजूने चालणारी गोष्ट नाही. जो आपल्याला सांभाळतो, त्याला आपणही सांभाळायचे असते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तो मुलगा आपल्या वडिलांना घेऊन शाळेत आला. मी नोंदवही काढली, त्यांना खुर्ची दिली आणि माझी चूक कबूल केली. मग मोठ्या उत्साहाने त्यांना विचारले, “येथे मी ‘राखणदार’ असे लिहू का? आपला जुना, मानाचा शब्द आहे.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, राखणदार म्हणजे शेतावरचा. पीक निघालं की त्याचं काम संपलं. पोरगा सांगतो, तेच राहू द्या. पण त्या केअरटेकरचा अर्थ काय हो?”

मी म्हणालो, “काळजी घेणारा.”

“मग तेच लिहा,” ते म्हणाले. “ते खरं आहे.”

मी ‘नोकर’ हा शब्द खोडला. त्याच्या जागी ‘केअरटेकर’ असे लिहिले आणि पुढे ‘काळजी घेणारा’ असे जोडले. इतके दिवस मी कोशांत जो शब्द शोधीत होतो, तो त्या माणसाने एका क्षणात निवडला होता. मुलगा वाकून वाचत होता. त्याने दोन्ही शब्द पुरते वाचले आणि मग वडिलांच्या कमरेच्या किल्ल्यांचा आवाज करीत ते दोघे निघून गेले.

मुलांनो, कोणाच्याही कामाचे नाव उच्चारण्यापूर्वी ते काम काय आहे, हे एकदा नीट विचारून घ्या. तुम्हांला शाळेत सोडणारा, रुळांवरून चालणारा, ग्रंथालयाची पुस्तके लावणारा, घरी आजारी आजोबांच्या उशाशी बसणारा, असे कितीतरी राखणदार तुमच्या आसपास आहेत. उद्या तुमच्याही हाती कोणीतरी एखादी किल्ली देईल. ती वस्तू आपली नाही, हे विसरू नका. आणि ती आपलीच आहे, असे समजून सांभाळा.

शब्दार्थ

कौले चाळणे – पावसाळ्यापूर्वी छपराची कौले काढून, साफ करून पुन्हा नीट बसविणे.
माळा – शेताच्या राखणीसाठी खांबांवर उभारलेली उंच जागा.
हाळी – दूरवर ऐकू जाईल अशी मोठ्याने मारलेली हाक.
वर्दी – बातमी, सूचना.
वतन – कामाच्या मोबदल्यात वंशपरंपरेने मिळणारा हक्क किंवा जमीन.
मिरास – वडिलोपार्जित हक्क.
दंडक – ठरलेला नियम.
संकेत – लिहिलेला नसूनही सर्वांनी पाळावयाचा नियम.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने नोंदवहीत प्रथम कोणता शब्द लिहिला?
(आ) ‘पहारा’ हा शब्द कोणत्या शब्दापासून झाला?
(इ) बोरघाटातील लोहमार्ग कोणत्या वर्षी वाहतुकीस खुला झाला?
(ई) विनोबा भावे यांचा जन्म कोठे झाला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने सांगितलेल्या राखणीच्या तीन खुणा कोणत्या?
(आ) किल्ल्याचा सारा अधिकार एकट्या हवालदाराकडे न ठेवण्यात कोणता हेतू होता?
(इ) वेसकराच्या कामाची दुःखाची बाजू कोणती?
(ई) मुलाच्या वडिलांनी ‘राखणदार’ हा शब्द का नाकारला? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते काय? कारण सांगा.

३. पुढील शब्दांतील अर्थाचा फरक स्पष्ट करा.
(अ) पहारा – गस्त (आ) मालक – विश्वस्त (इ) हंगामी – काळजीवाहू

४. भाषाभ्यास.
(अ) ‘राखणे’ या क्रियापदाशी नाते असलेले चार शब्द पाठातून शोधून लिहा.
(आ) शेवटी ‘पाल’ असलेले पाठातील शब्द लिहा व त्यांत आणखी दोन शब्दांची भर घाला.
(इ) ‘काळजी वाहणे’, ‘काळजी घेणे’ आणि ‘काळजी करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करून अर्थातील फरक दाखवा.

५. उपक्रम.
तुमच्या गावात दुसऱ्याची वस्तू, जागा किंवा माणूस सांभाळणाऱ्या एखाद्या व्यक्तीला भेटा. तिचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिनक्रम विचारून घ्या. तिच्या कामाला ती स्वतः कोणते नाव देते, तेही विचारा आणि पंधरा ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.